आवाज माझाच राहिला

मित्रांनो, मी एक जुनी इलेक्ट्रिक स्टील गिटार आहे. इतर गिटारी गळ्यात पट्टा अडकवून मिरवतात. माझी जागा वादकाच्या मांडीवर. मी आडवी पडून गाते. डाव्या हातातली पोलादी कांडी माझ्या तारांवरून सरकवायची आणि उजव्या हाताने तारा छेडायच्या. मग एक सूर दुसऱ्यावर असा अलगद घसरतो, की ऐकणाऱ्याला वाटावं, कुणी माणूसच गातंय!

एका लहानशा कारखान्यात सुताराने अखंड लाकडातून माझं अंग कोरलं. तिथल्याच एका कारागीर बाईंनी चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळली. माझ्या तारांची थरथर ती गुंडाळी पकडते आणि स्पीकरकडे पोचवते. थोडक्यात, तो माझा गळा.

मला घेतलं एका वादक बाईंनी. वाद्यवृंदात सगळे त्यांना ताई म्हणत. आमचा तुकडा सुरू झाला की सभागृहातली कुजबुज थांबायची.

"ताई, तुमची गिटार रडते हो!" एकदा वाद्यवृंदाचे व्यवस्थापक म्हणाले.

"रडत नाही, गाते. रडायला आपण आहोत की!" ताईंनी सुनावलं. मी फुलून गेले.

पुढे ताईंना पक्षाघात झाला आणि उजवा हात लुळा पडला. मी पेटीत गेले, पेटी कपाटावर गेली आणि पेटीवर जुन्या उशांचा ढीग आला. टाळ्या घेणारी मी, तिथे वर्षानुवर्षं पडून राहिले. ओल शिरली, खुंट्या गंजल्या, गळा मुका झाला.

एक दिवस ताईंच्या लेकीने पेटी खाली काढली. ही लेक घरीच कपडे शिवायची.

"आई, हिला दुरुस्त करू?"

"कशाला? वाजवणार कोण?" ताईंनी तोंड फिरवलं.

लेक आईवरच गेलेली, ऐकते कसली! शिवणाच्या टेबलावर चादर अंथरून तिने मला उघडलं. धूळ झाडली, तेल घालून खुंट्या मोकळ्या केल्या, नव्या तारा चढवल्या. जावई रंगाचा डबा घेऊन आले. "चकाचक करून टाकू!"

तेवढ्यात काठी टेकत ताई आल्या. "रंगाला हात लावाल तर याद राखा! ते झिजलंय ना, तिथं माझं मनगट टेकायचं." आणि त्या पहाऱ्यालाच बसल्या.

पण गळा काही बोलेना. वाद्यांच्या दुकानदारांनी घरी येऊन पाहिलं. "गुंडाळीची तार टोकाशीच तुटली असेल तर जोडता येईल. पण जरा ओढ बसली तर सगळंच जाईल. त्यापेक्षा नवी गुंडाळी बसवू का?"

नव्या गळ्याने गाणारी ती मी असेन का?

"नवी नको," लेक म्हणाली. "तुम्ही दाखवा, मी जोडते."

तिने सुईच्या टोकाने तारेचं तुटकं टोक उचललं. तिच्या श्वासानेसुद्धा ते हलत होतं. दुकानदार सांगत गेले, तिने कथिलाचा डाग देऊन ते जोडलं. स्पीकर घरघरला. लेकीने तार छेडली आणि मी बोलले. तोच, माझाच आवाज!

ताईंनी मला मांडीवर घेतलं. डाव्या हाताने कांडी धरली. उजवा हात मात्र तसाच पडून राहिला. लेक शेजारी येऊन टेकली.

"तू सरकव, आई. मी छेडते."

"अगं हळू! शिवणयंत्र आहे का ते?" ताई ओरडल्या. पुन्हा चुकलं, दोघी हसल्या. आणि मग कधीतरी चाल जमली. समोरच्या घराची खिडकी उघडली. मित्रांनो, भरल्या सभागृहात मी पुष्कळ मान मिळवला, पण त्या दिवशीइतक्या ताठ मानेने मी कधीच गायले नव्हते.

तुमच्याही घरी एखादं मुकं वाद्य असेल, तर ते खाली काढा. त्याची धूळ पुसा, पण हात फिरून झिजलेल्या खुणा पुसू नका. आणि वाजवणाऱ्याला एक हात कमी पडला, तर शेजारी बसून आपला द्या.