राखीव लेझरची साक्ष

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या जिन्याखाली काचेच्या कपाटात एक जुना लेझर-संच ठेवलेला आहे. तो मी. जाता-येता लोक माझ्या काचेत बघून केस सारखे करतात. मला त्याचे वाईट वाटत नाही.

आम्ही तिघे भाऊ. एकाच टेबलावर, एकाच कारागिराच्या हातून घडलो. सगळे त्यांना काका म्हणत. आरसा चिकटवताना काका श्वास रोखून धरत आणि मग आम्हालाच दटावत, "हलायचं नाही हं आता!" दोघे भाऊ दोन उपग्रहांत बसून आकाशात गेले. मी राखीव म्हणून खालीच राहिलो. खरे सांगतो, तेव्हा मी फार हिरमुसलो होतो.

भावांचे काम मोठे नाजूक होते. एकामागून एक, दोनशे किलोमीटर अंतर ठेवून पृथ्वीभोवती फिरायचे आणि एकमेकांकडे प्रकाश पाठवून ते अंतर मोजत राहायचे. खाली डोंगर असला, किंवा जमिनीच्या पोटात भरपूर पाणी असले, की पुढचा आधी ओढला जाई आणि अंतर किंचित बदले. त्यावरून कुठले पाणी आटते आहे, ते कळणार होते.

पण आकडे आले आणि सगळ्यांची तोंडे उतरली. प्रत्येक फेरीत अंतर केसाच्या जाडीइतके उगाचच वाढे आणि पुन्हा कमी होई.

"उन्हात तापून आरसा सरकतोय," प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणाले. "काका, चिकटवताना काहीतरी राहिलंय. महिनाअखेरपर्यंत असंच दिसलं, तर लेझर बंद. अंतर मोजायला जुन्या रेडिओ लहरींवर भागवू."

त्या दिवशी काकांनी जेवणाचा डबाही उघडला नाही.

तिथे गणित करणारी एक ताई होती. ती म्हणाली, "खालचा भाऊ आहे ना? त्याला तेच ऊन, तीच सावली देऊन बघू." नऊ दिवस मला पेटीत घालून पाऊण तास तापवले, पाऊण तास गारठवले. माझा जीव मेटाकुटीला आला, पण काकांचा आरसा तसूभरही हलला नाही.

मग ताई स्वतःच्याच गणिताकडे वळली. प्रकाश पोहोचेपर्यंत समोरचा उपग्रह जरा पुढे गेलेला असतो. शिवाय प्रकाशाला लागलेला वेळ मोजणारे घड्याळ उपग्रहातच असते; वेगाने धावणारे घड्याळ किंचित मागे पडते आणि पृथ्वीपासून उंच गेलेले किंचित पुढे पळते. उपग्रहांची वाट अगदी गोल नसते, म्हणून हा फरक प्रत्येक फेरीत कमी-जास्त होतो. ताईने तो गणितात धरला होता. पण एका ओळीत वजा करायचे, ते तिने मिळवले होते.

तिने गुपचूप ते चिन्ह बदलले असते, तर कोणाला पत्ताही लागला नसता. काकांवरचा ठपका मात्र तसाच राहिला असता.

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांना माझ्या पेटीभोवती बोलावले. "आरसा ठीक आहे. चूक माझी आहे," ती म्हणाली.

प्रमुख भडकले. "अहो, तीन आठवडे आपण आरशाच्या नावानं खडे फोडतोय!"

"हो. म्हणून काकांची माफी मागते. सगळ्यांसमोर."

काका उठले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरी, मलाही वाटायला लागलं होतं की माझाच हात चुकला."

भावांनी पुढे अकरा वर्षे काम केले. कितीतरी गावांना विहिरी आटण्याआधी सावध होता आले. मग इंधन संपले आणि दोघे खाली येता येता हवेत जळून गेले. सत्कार त्यांचा झाला. मी इथे आलो.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण एखाद्या यंत्राकडे, आणि ते घडवणाऱ्या माणसाकडे, बोट दाखवण्याआधी आपली ओळ पुन्हा एकदा वाचा. चूक सापडलीच, तर ती मोठ्याने सांगा. सांगून झाल्यावर ताईने खुर्चीला टेकून एक लांब श्वास सोडला होता. तेव्हा मी तिच्या अगदी शेजारी होतो.