ड्रमांचा अंदाज

चिन्मयचा समुद्राशी संबंध सिडकोतल्या घरी पलंगावर बसून. परदेशातल्या किनाऱ्यांवर कंपनीचे कॅमेरे होते. त्यांची चित्रं बघून चिन्मयचा प्रोग्राम सांगायचा, उद्या लाटा किती उंच येतील आणि फळीवर उभं राहून लाटांवरून घसरणाऱ्या हौशी लोकांनी यावं की झोपून राहावं. अंदाज बरोबर यायचे. दुष्काळाचं साल होतं, शहर तरी वाढतच होतं, आणि घरच्या नळाला पाणी कधी येईल हे देवालाही ठाऊक नव्हतं.

"रविवारी मनस्विनीकडचे लग्नाचं बोलायला येतायत," आई म्हणाली. "ड्रमात बोटभर पाणी. तुझ्या मशीनला विचार, नळाला पाणी येणार का. नसेल तर वैजापूरला फोन करून नका येऊ म्हणते."

"आई, एकदा पुढं ढकललंय. तिचे वडील म्हणाले, आता नाही जमलं तर राहू द्या."

"मग पाहुण्यांचे हात कशानं धुऊ? टँकरवाला फोन उचलत नाही."

चिन्मयनं समोरच्या सरूबाईंच्या सीसीटीव्हीतली जुनी चित्रं, पाणी आलेल्या तारखांसकट, प्रोग्रामला खाऊ घातली. शुक्रवारी गल्लीचं ताजं चित्र दाखवल्यावर उत्तर आलं: 'उद्या सकाळी पाणी. लाटा गुडघाभर. नवशिक्यांसाठी उत्तम.' त्यातलं पहिलं वाक्य त्यानं गल्लीच्या ग्रुपवर टाकलं.

शनिवारी सकाळी सगळी गल्ली ड्रम घेऊन दारात. ते चित्र बघून प्रोग्रामची खात्री आणखी वाढली. चिन्मयला शंका आली. त्यानं प्रोग्राम चित्रात नेमकं काय बघतो ते तपासलं. तो नळाकडं बघतच नव्हता, ड्रमांकडं बघत होता. पाण्याच्या दिवशी ड्रम बाहेर असतात, एवढंच तो शिकला होता. आणि शुक्रवारी सरूबाईंनी ड्रम घासून उन्हात टाकले होते.

"आई," तो म्हणाला, "वैजापूरला फोन लाव."

आईनं फोन हातात घेतला तेवढ्यात व्हॉल्व्ह सोडणारा बन्सी सायकलवर चावी आडवी घालून चालला होता, मागच्या गल्लीच्या पाळीचं पाणी सोडायला. ड्रमांची रांग बघून त्यानं पाय टेकले.

"आज तुमची पाळी व्हय?"

"मग काय," सरूबाई म्हणाल्या. "मोबाइलवर आलंय की."

"मला कुणी काय सांगतच नाय," म्हणत बन्सीनं चावी लावली. नळ आधी खोकला, मग धो धो सुटला. आईनं फोन ठेवून बादली उचलली.

जाता जाता बन्सी म्हणाला, "दादा, मला बी त्या ग्रुपात घ्या. पाळ्यांचा लई गोंधळ होतो."

रविवारी हात धुऊन झाल्यावर मनस्विनीच्या वडिलांनी विचारलं, "तुमचे अंदाज चुकतात का हो कधी?"

"ड्रम बाहेर असले तर नाही," चिन्मय म्हणाला.

शनिवारचं पाणी हुकलेल्या मागच्या गल्लीनं त्या रविवारी सकाळीच ड्रम बाहेर काढून ठेवले होते.