कासाबाईसाठी घाईने भाजलेला चुना

मित्रांनो, मी जिंतूरजवळ पूर्णेच्या काठावरची एक जुनी चुन्याची भट्टी आहे. दिसायला काळ्या दगडांची, गळ्यापर्यंत काजळलेली आणि स्वभावाने जरा तापट. त्याला माझा इलाज नाही, धंदाच तसला!

उमाजी आणि कासाबाई या नवरा-बायकोने मला बांधले. ती नदीकाठची चुनखडी वेचून आणायची. तो लाकडांचा एक थर, खड्यांचा एक थर असे माझे पोट भरायचा. मग चार दिवस मंद आच.

"दमानं," तो साऱ्यांना बजावायचा. "लय आच दिली की खडा करपतो. करपलेला खडा पाण्यात फुटत न्हाई, भिंतीत गेल्यावर फुगतो."

भाजलेला चुना पाण्यात महिनाभर मुरल्याशिवाय तो कुणाला पाटीभरही देत नसे. आसपासच्या गावांत आमच्या चुन्याचे नाव होते.

निजामाचे राज्य गेले आणि काही वर्षांनी गावाला शाळा मंजूर झाली. गिलाव्याचा चुना आमचाच ठरला. कासाबाई हरखली. पण त्याच सुमारास तिने अंथरूण धरले.

"म्या येचलेल्या खड्यांची भिंत एकडाव डोळ्यानं बघू द्या," ती म्हणाली. "मंग खुशाल जाते."

उमाजीने दुप्पट लाकूड घातले. दोन दिवसांत माझे पोट रिकामे केले आणि आठच दिवस मुरलेला चुना भिंतींना दिला. आत खडे करपत होते, ते मला कळत होते. त्यालाही कळत होते.

कासाबाईला बैलगाडीत घालून शाळेपुढे आणले. "लय पांढरी दिसायलीय वो," एवढेच ती बोलली. तिसऱ्या दिवशी ती गेली.

चार महिन्यांनी भिंतींना फोड आले. गिलाव्याचे पोपडे वर्गात पडू लागले. गावचे पाटील आबासाहेब चारचौघांत कडाडले, "उमाजी, लेकरांच्या शाळंतबी बेइमानी केलीस?"

उमाजी मान खाली घालून उभा राहिला. बायकोचे नाव त्याने ओठांवर येऊ दिले नाही. पुढे गावात सिमेंट आले आणि मला पुन्हा कुणी पेटवले नाही. माझे काळीज तेव्हाच फुटले, मित्रांनो.

आता १९६० साल आहे. जुनी खूण म्हणून गावाने मला कुंपण घातले आहे. झेंड्याच्या दिवशी माझ्यावर झेंडूची माळही चढते. माझा दगड निखळू नये म्हणून तुम्ही किती जपता! आणि रस्त्याने उमाजी दिसला की "बेइमान चुनेवाला" म्हणून त्याच्यामागे ओरडता.

माझे कुंपण उद्या काढून नेले तरी चालेल. पण त्या म्हाताऱ्याजवळ घटकाभर बसा आणि त्याने तेव्हा घाई का केली, ते एकदा विचारा. तो सांगणार नाही. तरी विचारा.