उस्तिन्याचा हात

उस्तिन्याचा जीव काही केल्या जात नव्हता. आपली विद्या दुसऱ्याच्या हातात दिल्याशिवाय चेटकिणीला मरण येत नाही, असं आमच्या ओका नदीकाठच्या गावात सगळे मानतात. पुरुषांनी छताची फळी उचकटून जीवाला वाट करून दिली होती. तरी ती हात पुढे करून कण्हत होती आणि आम्ही बाया भिंतीला चिकटून उभ्या होतो.

तिला चेटकीण कुणी केलं, ते मला विचारा. माझी लुशा तान्ही असताना वाळत चालली होती. या रोगाला आम्ही कुत्र्याचं म्हातारपण म्हणतो. उस्तिन्याने तिला काळ्या पावाच्या कणकेत गुंडाळलं, पाव भट्टीत सरकवायच्या लाकडी फावड्यावर ठेवलं आणि कोमट भट्टीत तीनदा आत-बाहेर केलं. मी रिवाजाप्रमाणे खिडकीबाहेरून विचारत होते, "काय भाजतेस, आजी?"

"कुत्र्याचं म्हातारपण भाजतेय!"

"भाज, पुन्हा येऊ नये असं भाज!"

उघड्या दारातून गावच्या पोरांनी फक्त फावडं आणि मूल पाहिलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, म्हातारी पोरं भाजून खाते. लुशा जगली, पण ते कोण सांगतं!

"लुशे, हा झाडू धर तिच्यापुढे," मरणाऱ्या म्हातारीकडे बोट करून आता फ्योक्ला म्हणाली. ही माझी होणारी विहीण. तिच्या धाकट्याशी लुशाचं लग्न हिवाळ्याआधी व्हायचं ठरलेलं. "काय द्यायचं ते झाडूला देऊ दे."

लुशाने झाडू घेतला, कोपऱ्यात ठेवला आणि म्हातारीचा हात धरला.

"अगं बये, सोड!" मी ओरडले.

"गार पडलाय गं हात, आई."

थोड्या वेळाने उस्तिन्या गेली. फ्योक्लाने शाल सारखी केली. "विहीणबाई, आमच्या घरात हे चालायचं नाही."

"जा, जा! तुम्ही असताना तिथे दुसरी चेटकीण मावायचीही नाही!"

घरी येऊन मात्र मी ढसाढसा रडले.

लुशाला पुन्हा मागणी आली नाही. बर्फ वितळताना फ्योक्ला आली, शालीत थोरल्या मुलाचं पोर घेऊन. वाळून काटकी झालं होतं. रिवाज सगळ्यांना ठाऊक असतो, पण त्याला हात चेटकिणीचाच लागतो.

तिला दारातूनच हाकलावं असं मला वाटलं. पण लुशा भट्टीत हात घालून ऊब बघत होती. "आई, कणीक मळ."

मळली. काय करते!

फ्योक्ला बाहेर चिखलात, खिडकीखाली उभी राहिली. रिकामी शाल चाचपत राहिली.

"विचारा ना," लुशा आतून म्हणाली.

"काय भाजतेस..." फ्योक्ला अडखळली, "...आजी?"

माझी लुशा एकोणीस वर्षांची होती.