माझ्या झाकणाचा आवाज

मित्रांनो, मी एक जुनी पितळी डबी आहे. मुठीत मावेन एवढीच. मला हातात घेण्याआधी जरा नाकाजवळ धरा. आला ना वास? घरच्या सुनेने, मोनिकाने मला चिंच लावून घासलं, राखेने घासलं, दोन दिवस उन्हात ठेवलं. मी नव्यासारखी चकाकते, पण वास जात नाही. तो माझ्यात कसा मुरला ते सांगते. सांगताना मला लाज वाटणार आहे, पण मध्येच थांबणार नाही.

शिरूरच्या बाजारात एका तांबटाने मला घडवलं. माझ्या झाकणावर त्याने मोर कोरला. घाईत मोराचं एक पाऊल राहून गेलं आणि बिजागरीही जरा घट्ट बसली. म्हणून मला उघडलं की 'कुर्र' असा आवाज होतो. "वापरून वापरून जाईल तो," असं तांबट म्हणाला होता. तो काही गेला नाही. वडगाव रासाईचा गेणबा मेंढ्यांची लोकर विकायला आला होता. त्याने मला कानाशी धरून दोनदा उघडझाप केली, हसला, आणि आपल्या नव्या नवरीसाठी घेऊन गेला. ती नवरी म्हणजे रतनबाई.

खरं सांगते, सुरुवातीला माझ्यात कुंकू होतं. पाऊस सरला की ही माणसं कळप घेऊन कोकणाकडे उतरायची. तिथे एका मुक्कामाला रतनबाईची दाढ ठणकू लागली. दवाखाना दोन डोंगरांपलीकडे. तांड्यातल्या सारजाबाईने तंबाखूचं पान तव्यावर काळं होईस्तोवर भाजलं, चुरलं आणि ती पूड रतनबाईच्या हिरडीला चोळली. तिला मिश्री म्हणतात, कुठे मशेरी म्हणतात. दाढ गुंगली. दुसऱ्या दिवशी दाढ दुखत नव्हती, तरी रतनबाईने पुन्हा बोट लावलं. आठवडाभरात कुंकू माझ्यातून कागदाच्या पुडीत गेलं आणि मिश्री माझ्यात आली.

मग काय विचारता माझा थाट! मी रतनबाईच्या कनवटीला असायचे. सकाळी बायका जमल्या की मी या हातातून त्या हातात फिरायचे. "रतनबाई, तुझी मिसरी लई फक्कड बघ!" असं कुणी म्हटलं की मला वाटायचं, हे माझंच कौतुक आहे. हळूहळू रतनबाईच्या हिरड्या काळ्या झाल्या, एकेक दात हलून पडला. दातासाठी घेतलेलं औषध तेवढं राहिलं, दात गेले. तेव्हाच मी शहाणं व्हायला हवं होतं. पण कौतुकाला चटावलेल्याला शहाणपण कुठून सुचणार?

पुढे गेणबा वारला, मेंढ्या विकल्या. मुलगा बिरदेव शिक्रापूरच्या कारखान्यात लागला आणि तिथेच एक खोली भाड्याने घेऊन राहिला. त्याची बायको मोनिकाही पॅकिंगच्या कामाला जाऊ लागली. त्यांच्या शंभूला सांभाळायला रतनबाई आली, आणि तिच्याबरोबर मी आले. शंभू अडीच वर्षांचा. आजीवाचून त्याचं पान हलत नसे. आणि आजीचा तर तो जीव की प्राण होता. हे लक्षात ठेवा, कारण पुढे तुम्हाला तिचा राग येईल.

मोनिकाने शंभूसाठी सशाचं चित्र असलेला इवलासा ब्रश आणला होता. मी त्याला मनातल्या मनात हसायचे. ब्रश तोंडात गेला की शंभू घर डोक्यावर घ्यायचा, आणि रतनबाई धावून यायची. "आगं मोनिका, लेकराचा जीव घेतीस का? सोड त्याला." मग ब्रश खिडकीत जायचा तो दोन-दोन दिवस तिथेच. दुधाची बाटली मात्र चुकत नव्हती. दुधात दोन चमचे साखर, आणि बाटली तोंडात असतानाच झोप. दुपारी आजी द्यायची, रात्री दमून आलेली आई द्यायची. ते पोर झोपलं की दोघी सुटकेचा निःश्वास सोडायच्या.

एका रविवारी उन्हात शंभूला मांडीवर घेऊन मोनिका त्याचं नाक पुसत होती. तो हसला आणि तिचा हात थांबला.

"आत्या, हे बघा." सासूला ती आत्या म्हणते. "पुढच्या दातांवर तपकिरी कसलं आलंय? आन् हा तर कडंनं झिजल्यावानी दिसतोय."

"काय न्हाई गं. दुधाचं दात हायेत, पडायचंच हायेत. आमच्या येळला कोण दात दावाया गेलं व्हतं?"

"ते खरं, पण मला भ्या वाटतंय. शिरूरला दाताच्या डॉक्टर हायेत म्हणं. जाऊन येऊ का?"

बिरदेव मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "दुखत असंल तर रडंल की तो. रडायला लागला की जाऊ."

मित्रांनो, घरात असं ठरलं. मोनिका त्या दिवसापासून रोज आल्या आल्या चप्पल काढायच्या आधी विचारायची, "आत्या, आज रडला का?"

आणि एका दुपारी तो रडला. गालावर हात ठेवून, भिंतीला डोकं टेकवून तो इतका रडला की शेजारची बाई डोकावून गेली. रतनबाईने बाटली दिली, खांद्यावर घेतला, लवंगेचं पाणी लावून बघितलं. काही केल्या थांबेना. मोनिकाचा फोन कामाच्या वेळी लॉकरमध्ये असतो. शेवटी म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचा हात कनवटीला गेला.

कुर्र.

चिमूटभरच होती. तिने ती शंभूच्या मागच्या हिरडीला चोळली. त्याने तोंड वाकडं केलं, थोड्या वेळाने उलटी केली, आणि मग मान टाकून झोपला. रतनबाई त्याच्या छातीवर हात ठेवून तासभर बसून होती. श्वास चालतोय का ते बघत होती. ती किती घाबरली होती, ते मला ठाऊक आहे. तिचा दुसरा हात माझ्यावर घट्ट होता.

"आत्या, आज रडला का?"

"न्हाई."

हा एवढाच शब्द, मित्रांनो. दुसऱ्या दिवशीही तोच, पुढच्या आठवड्यातही तोच. मोनिकाला हायसं वाटायचं. शिरूरला जायचं या रविवारचं त्या रविवारवर गेलं. इकडे शंभूला माझा आवाज कळू लागला. 'कुर्र' झालं की तो दुडूदुडू धावत यायचा, मान मागे टाकायचा आणि 'आ' करायचा. ब्रशसाठी हे तोंड कधी उघडत नव्हतं, म्हणून मी ब्रशला हसले होते ना? आता मला हसू येईना. मी ओरडले असते, पण मला एकच आवाज दिलेला आहे आणि तो तर त्याला बोलावण्याचाच होता.

तिसऱ्या आठवड्यात शंभूचा गाल सुजला. डोळा झाकला जाईल एवढा. अंग तापाने फणफणलं. बिरदेवने हाफ डे टाकला आणि सगळे शिरूरच्या दवाखान्यात गेले. कनवटीला मी होतेच.

डॉक्टरबाई तरुण होत्या. शंभू काही तोंड उघडेना. चमचा दाखवला, फुगा दाखवला, बिरदेवने दरडावलं. त्याने दात आवळले ते आवळलेच.

"बाळ किती दिवस रडतंय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"रडलाच न्हाई वो मॅडम," मोनिका म्हणाली. "म्या रोज इचारते."

"एवढी सूज आहे म्हणजे आत पू झालाय. हे दुखणं महिन्याचं असणार. न रडता कसं राहील? दाढेला काही लावत होता का?"

"न्हाई न्हाई. काहीच न्हाई."

रतनबाई भिंतीकडे बघत होती. तिचा हात कनवटीवर होता. ती गप्प राहिली असती तर तिला कुणीही काही म्हटलं नसतं. मलाही तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू? दृष्टीआड सृष्टी. पण डॉक्टरबाई म्हणाल्या, "आत बघितल्याशिवाय मला काही करता येणार नाही. आणि याला थांबायला वेळ नाही."

तेव्हा ती म्हातारी उठली. तिने मला काढलं, नातवाच्या समोर धरलं, आणि सगळ्यांच्या देखत उघडलं.

कुर्र.

शंभूने मान मागे टाकली आणि मोठ्ठा 'आ' केला.

"बघा बाई," रतनबाई म्हणाली. "लौकर बघा."

डॉक्टरबाईंनी बॅटरी धरली. बिरदेव खाली बघत होता. मोनिका मात्र शंभूच्या तोंडात बघत नव्हती, ती माझ्याकडे बघत होती. मग ती एवढंच म्हणाली, "आत्या, रोज?"

"व्हय पोरी. रोज."

डॉक्टरबाईंनी रागावून नाही, पण स्पष्ट सांगितलं. "आजी, याने दुखणं बरं होत नाही, पोर गुंगतं. तंबाखू आहे ही. एवढ्या जिवाला विष आहे." मग त्या मोनिका-बिरदेवकडे वळल्या. साखरेच्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवल्याने दात किडले, हेही सांगितलं. दोष एकट्या म्हातारीचा नव्हता. ते ऐकून मोनिका पहिल्यांदा रडली.

औषधाने सूज उतरली, पण ती दाढ काढावी लागली. आपण होऊन पडायला तिला अजून सात-आठ वर्षं होती. पुढचे दात औषध लावून धरून ठेवलेत, ते किती टिकतील ते बघायचं. रतनबाईने मला दवाखान्यातच कचऱ्याच्या डब्यात रिकामं केलं. आता तिचं डोकं दुखतं, हात चुकून कनवटीला जातो, रिकामा परत येतो. ब्रश ती स्वतः शंभूच्या हातात देते आणि तो रडला तरी 'सोड' म्हणत नाही. दोघी एकमेकींशी कामापुरतं बोलतात.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी जुन्या वस्तू जपा म्हणून सांगायची पद्धत आहे. मी तसं सांगणार नाही. मला जपू नका. घरात लहान भावंड असेल तर एवढंच करा. ते रडत असेल तर का रडतं ते विचारा, आणि एकाएकी रडायचं थांबलं तर ते दुप्पट विचारा.

दोन दिवस उन्हाला ठेवल्यावर काल मोनिकाने मला खिडकीतून काढलं. चांगलं पितळ आहे, सुई-दोरा ठेवायला होईल, असं तिला वाटलं. तिने झाकण उघडलं. कुर्र. दाराशी गाडी गाडी खेळणारा शंभू उठला, धावत आला, मान मागे टाकली आणि त्या एका दाढेची रिकामी जागा दाखवत 'आ' करून उभा राहिला.

मोनिकाने झाकण लावलं. रतनबाईने भाकरी थापता थापता ते बघितलं होतं.

"पोरी," ती म्हणाली, "उद्याच्याला शिरूरला गेलीस की ती मोडीत घाल. वितळवाया सांग."

"तुमच्या मालकांनी आणल्याली ना ती, आत्या?"

"व्हय," रतनबाई म्हणाली. "म्हनून तर म्या सांगतीय."

मी आता मोनिकाच्या पिशवीत आहे. आज सकाळचीच एसटी आहे. मला वाईट वाटत नाही. भट्टीत गेल्यावर मोर जाईल, वास जाईल, आणि हा आवाजही जाईल.