डोराचा स्वेटर

विनिफ्रेड हॉल्डनला तो माळ पाहताक्षणीच किळसवाणा वाटला. तीनशे वर्षांपूर्वीच्या मेंढपाळांवरची तिची कादंबरी याच माळावर घडत होती. शहरातल्या खोलीत बसून तिने इथल्या वाऱ्याची पानंच्या पानं वर्णनं केली होती. प्रत्यक्षात मात्र बुटात शिरणारा काळा चिखल, ओल्या लोकरीचा कुबट दर्प आणि ती ज्यांच्याकडे उतरली होती त्या मेटकाफ नवरा-बायकोच्या स्वयंपाकघरातलं मेंढीच्या चरबीचा तवंग आलेलं सूप, एवढंच तिच्या वाट्याला आलं. पहिल्याच संध्याकाळी तिने एक घोट कसाबसा गिळला आणि वाटी बाजूला सारली. रविवारच्या बसने आईकडे परतायचं, तोवर कसेबसे दिवस काढायचे, असं तिने ठरवून टाकलं. आई एकटी होती, आणि लेक येणार म्हटलं की सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसायची.

विनिफ्रेडचा कोट पावसाने चिंब भिजला होता. ॲग्नेस मेटकाफने आतून एक राखाडी स्वेटर आणून दिला.

"घाला. आमच्या डोराचा आहे."

डोरा त्यांची एकुलती एक मुलगी. गेल्या हिवाळ्यात धुक्यात वाट चुकली आणि माळावरच गारठून गेली. स्वेटर तेव्हापासून धुतलेला नसावा. गळ्याशी परक्या घामाचा, परक्या केसांचा वास होता आणि तो नाकात शिरताच विनिफ्रेडने तोंड फिरवलं. पण पोर गेलेल्या बाईला नाही कसं म्हणणार?

दुसऱ्या दिवशी गोठ्यात आयझॅक मेटकाफ मेलेल्या कोकराचं कातडं सोलत होता. पायमोजा उतरवावा तसं त्याने ते अलगद काढलं आणि आई नसलेल्या एका कोकराला रक्तासकट घातलं. विनिफ्रेडने नाकाला रुमाल लावला.

"पुस्तकात लिहिणार ना, बाई? मग तोंड कशाला फिरवताय?"

पिल्लू मेलेल्या मेंढीने ते कोकरू हुंगलं, पुन्हा हुंगलं आणि मुकाट्याने दूध पाजू दिलं.

"फसली बिचारी."

"फसली कुठली? तिला पिल्लू हवंय, त्याला आई हवीय. आपण नुसतं जमवून द्यायचं."

"आणि ते घाणेरडं कातडं कुठवर ठेवायचं?"

"तिचं दूध अंगात मुरलं, की त्याच्याच अंगाला तिचा वास येतो. मग काढून फेकायचं."

त्या दिवशी जेवताना ॲग्नेस तिच्या पाठीमागे येऊन वाकली. मानेला थंडगार नाक टेकलं, एक लांब श्वास ऐकू आला. विनिफ्रेड शहारली.

"गळा उघडा टाकू नकोस," ॲग्नेस म्हणाली. "आणि सूप संपव."

तिथून लवकर सुटावं म्हणून तिने ते नाक दाबून पिऊन टाकलं. कोट काही वाळत नव्हता, विचारलं की ॲग्नेस "या हवेत कसा वाळणार?" म्हणायची आणि वाटी पुन्हा भरायची. पुढे नाक दाबावं लागेनासं झालं. आल्या दिवशी दात विचकणारा कुत्रा तिच्या पायांवर डोकं ठेवून झोपू लागला. आयझॅक तिला 'पोरी' म्हणतोय, हे तिच्या लक्षात आलं ते दोनदा ओ दिल्यावर. तेव्हा मात्र तिला स्वतःचीच शिसारी आली.

रविवारी टेबलाशी सूप पितानाच बसची वेळ झाली. कोट गेला खड्ड्यात, असं म्हणत तिने स्वेटर ओरबाडून काढला आणि टेबलावर टाकला.

"मी घरी चाललेय. माझी आई वाट पाहतेय."

ॲग्नेस रागावली नाही. ती जवळ आली, विनिफ्रेडच्या उघड्या मानेत तोंड खुपसून तिने शांतपणे हुंगलं आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"राहू दे काढलेला," ती म्हणाली. "आता नको तो."

आयझॅकने स्वेटर चिमटीत उचलून चुलीत टाकला. लोकर जळल्याचा उग्र वास घरभर पसरला. विनिफ्रेडने घाबरून स्वतःचं मनगट नाकाशी नेलं. चरबीचा, ओल्या लोकरीचा, परक्या केसांचा तोच वास कातडीतून येत होता.

खाली रस्त्यावर बसने हॉर्न दिला. दार उघडंच होतं, कुणीही तिला अडवलं नाही. ऊठ, तिने स्वतःला बजावलं. आईचा चेहरा डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला, पण त्या दारातल्या खुर्चीवर तिला ॲग्नेसच दिसत राहिली.

हॉर्न पुन्हा वाजला.

तिने वाटी पुढे केली.