चौथा ठोका गाळणारी गिरणी

धुळ्यातल्या देवपूरच्या नवलच्या बँडमध्ये गिटार नव्हती. यंत्रमागाचे दोन धोटे, एक कंप्रेसर आणि पत्र्याचं पिंप होतं. विलायतेत बंद पडलेल्या कारखान्यांच्या गावांत पोरांनी असंच पत्रे बडवून नवं संगीत काढलं, हे त्याने मोबाइलवर वाचलं होतं. धुळ्यात कारखाने चालू असतानाच त्याने सुरुवात केली, म्हणजे तो जरा पुढेच होता. बँडचं नाव 'बंद माग'.

त्याची खरी ओळख एकच होती. तीन ठोके वाजवायचे, चौथा गाळायचा. धक, धक, धक आणि काहीच नाही. हे 'काहीच नाही' आपणच शोधलं, यावर त्याचा जीव होता.

अडचण अशी, की जळगावच्या सारिकाचा 'डाळमिल' हा बँडही हुबेहूब तेच 'काहीच नाही' वाजवायचा. देवपूरच्या कॉलेजात दोघांचा एकत्र कार्यक्रम ठरला आणि पोस्टर अडकलं. वर कोणाचं नाव?

"चोरी केलीस तू," नवल फोनवर म्हणाला.

"शांतता चोरता येते का रे? आणि मला तर हे लहानपणापासून येतं. माझं आजोळ एरंडोल."

नवलचंही आजोळ एरंडोलच.

रविवारी दोघे एरंडोलला गुंताबाई अक्कांच्या पिठाच्या गिरणीसमोर उभे राहिले. जुनं डिझेल इंजिन. त्याच्या धुराड्यावर टिनचा डबा बसवलेला, म्हणजे गिरणी चालू आहे हे शेतापर्यंत ऐकू जावं. डबा वाजत होता. धक, धक, धक. काहीच नाही.

"मन्हा गिरनीना आवाज शे हाऊ," अक्का म्हणाल्या. "बठ्ठा गावले माहीत शे. तुम्ही दोन्ही आठेच, गिरनीम्हा, मायना कडेवर झोपेत."

नवलचा चेहरा पडला. सारिकाचाही पडला, पण तिने तो लगेच उचलला. "म्हणजे अक्का, पहिल्या तुम्ही."

"मी नही. पयले चारी ठोका वाजेत. मंग एक दिन डबाले पोचा पडना." अक्कांनी डब्याचा चेपलेला कोपरा दाखवला. "तुम्ही दोन्हीस्नी दगड मारात. कोनाना लागना, माले काय माहीत."

दोघांनी डब्याकडे बराच वेळ पाहिलं. पोचा एकच होता. "माझा नेम चांगला होता," नवल म्हणाला.

"मी तर डब्यावर नेमच धरला नव्हता," सारिका म्हणाली. "म्हणून माझाच लागला असणार."

यापुढे वादात काही उरलं नाही. पोस्टरवर सगळ्यात वर 'गुंताबाई अक्कांची गिरणी, एरंडोल' आलं, खाली दोन्ही बँड एका ओळीत.

गिरणी इंजिनासकट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून देवपूरला आणली. मैदानात डबा धकधकला, तशा आसपासच्या कॉलनीतल्या बायका दादर ज्वारी-उडदाचे डबे घेऊन स्टेजसमोर रांगेत उभ्या राहिल्या. आवाज आला म्हणजे गिरणी चालू, यात त्यांना वेगळं काही वाटलं नाही. अक्कांनीही कोणाला परत पाठवलं नाही. "पयले दळन," त्या नवलला म्हणाल्या, "मंग तुन्हं वाजाडनं."

शेवटी दोन्ही एकदमच झालं. नवल पिंप बडवत होता आणि पिठाने भुवयांपर्यंत पांढरा झाला होता. चौथ्या ठोक्याला तो, सारिका आणि गिरणी एकदम गप्प झाले. तेवढ्यात रांगेतून एक आवाज आला.

"चांगलं वाजवता रे पोरांनो. पीठ तेवढं जाडं येतंय."

नवलने मान डोलावली. पहिल्यांदाच कोणीतरी त्याचं संगीत इतकं बारकाईने ऐकलं होतं.